बायजाची जागा

हिराआत्या एक ओळ म्हणायची आणि थांबायची. ओळ म्हणायला जेवढा वेळ लागला असेल तेवढाच वेळ ती गप्प बसायची, आणि मगच पुढची ओळ धरायची. त्या मधल्या वेळात मांडवातली भांडी वाजायची, एखादं मूल रडायचं, मागून कुणीतरी "पानी आन गो" म्हणून हाक द्यायचं. आत्याचे डोळे मिटलेलेच असायचे. परगावच्या पाहुण्यांना वाटायचं, बाई दमली. आम्हाला ठाऊक होतं की ती जागा बायजाबाईची आहे.

आमच्या जांभूळ गावात आणि भोवतालच्या वाड्यांत लग्न लागायचं ते धवलारणीच्या तोंडून. भटजी मुहूर्तापुरता यायचा. पण हळद फोडण्यापासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत प्रत्येक गोष्टीला एक गाणं असायचं. त्या गाण्याला धवला म्हणतात आणि तो म्हणणाऱ्या बाईला धवलारीण. ती एक ओळ म्हणणार आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली दुसरी बाई तीच ओळ उचलून परत म्हणणार. या उचलण्याला झील धरणं म्हणायचे. हिराआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं सासर गावातच, आमच्यापासून दोन घरं सोडून. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिचा सगळा दिवस आमच्या ओट्यावर जायचा. मला कळायला लागल्यापासून तिची झील बायजाबाईनेच धरली. एका पावसाळ्यात बायजाबाई तापाने गेली. त्यानंतर कितीतरी जणींनी झील धरून बघितली. आत्या कुणाला नको म्हणाली नाही, पण घरी आल्यावर तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "कुनी पुढं धावतं, कुनी माझ्या तोंडाकडं बघत बसतं. बायजाला बघायला लागत नव्हतं." शेवटी तिने ती जागा रिकामीच ठेवायला सुरुवात केली.

आमचं घर गावाच्या टोकाला, पाणी-शुद्धीकरणाच्या कारखान्याच्या कुंपणाला लागून होतं. अंबरनाथच्या कारखान्यांना जाणारं पाणी तिथे साफ व्हायचं. माझे वडील तिथे पंपावर कामाला होते आणि उरलेल्या वेळात भाताची शेती करायचे. पाळीवरून घरी आले की त्यांच्या सदऱ्याला तुरटीचा आणि क्लोरिनचा वास यायचा. आई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची, तव्याच्या कडेला सुकट भाजत असायची, आणि ते तिघे, म्हणजे आई, बाबा आणि आत्या, एकमेकांशी बोलताना इतक्या मोठ्याने बोलायचे की उल्हासनगरच्या कॉलेजातून घरी आलो की मला ते भांडताहेत असं वाटायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मी भौतिकशास्त्र घेतलं आहे एवढंच आईला माहीत होतं, आणि त्याचा अर्थ ती शेजारणींना "लाईटीचं शिकतो" असा सांगायची. आज मागे वळून पाहताना वाटतं, तिने माझ्या प्राध्यापकांपेक्षा फार चुकीचं सांगितलं नाही.

पदवी घेतल्यावर मी बदलापुरात एका संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायला लागलो. क्लासच्या सरांनी नवीन यंत्रं घेतली तेव्हा एक जुना संगणक मला घरी नेऊ दिला. "तू वापरशील. इथे धूळ खाईल," एवढंच म्हणाले. त्यांचे उपकार मी कसे फेडणार होतो? भाताच्या कणगीशेजारी टेबल टाकून तो ठेवला. तो मुका होता. चालू होताना एकदा टुक करायचा, बस. पण क्लासमध्ये येणाऱ्या एका मासिकात मी वाचलं होतं की साउंड कार्ड नावाची एक पट्टी आत बसवली की संगणक आवाज ऐकू शकतो, साठवू शकतो, आणि एका आवाजावर दुसरा आवाज चढवू शकतो, पहिला न पुसता. ते वाक्य मी पुनःपुन्हा वाचलं. घरच्या टेपवर दुसरं भरलं की पहिलं जायचं. इथे आत्या एकदा ओळ म्हणेल, मग कानाला हेडफोन लावून स्वतःचीच ओळ ऐकेल आणि स्वतःच स्वतःची झील धरेल. बायजाबाईची जागा दुसऱ्या कुणाला भरता येत नव्हती, पण आत्याला स्वतःला कदाचित येईल, असं माझ्या डोक्यात बसलं.

त्याच सुमाराला आत्याच्या गळ्याची गाठ मोठी झाली. ती बरीच वर्षं होती. आत्या ती पदराने झाकायची. आता गिळताना त्रास व्हायला लागला तेव्हा बाबांनी आणि मी तिला उल्हासनगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर फार सज्जन होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढून तिला समजावून सांगितलं, की गाठ काढावी लागेल. दिवाळीनंतर, कार्तिकाच्या शेवटी करू. मग म्हणाले, "आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून असते. मी जपेनच. पण आवाज बदलू शकतो. गाता का तुम्ही?"

आत्या म्हणाली, "गात नाय. धवलं म्हनतंय."

आम्ही घरी आलो. ओट्यावर बसल्यावर मला म्हणाली, "दत्तू, तुझी ती पेटी बोलाया कधी लागनार?"

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, बॅगा शिवणाऱ्या गाळ्यांच्या मधे, वाशूभाईंचं दुकान होतं. आधी ते टेपची हेडं आणि स्पीकर विकायचे. आता काचेखाली संगणकाचे भाग मांडले होते. कॉलेजात असताना मी त्यांच्याकडून रेडिओचे भाग घ्यायचो, म्हणून ते मला ओळखत. सिंधीत मुलाला म्हणतात तसं मला "पुट" म्हणायचे. मी सगळं सांगितलं. त्यांनी एक चकचकीत खोका काढला. त्यावर स्पीकरमधून निघणारी निळी वलयं छापली होती. "हे घे. नवा माल आहे. ड्रायव्हरची सीडी आत आहे. सीडी घाल, पुढे पुढे दाबत जा, बस."

ड्रायव्हर म्हणजे काय हे मला तेव्हा पुस्तकापुरतं माहीत होतं. वाशूभाईंनी मला ते काउंटरवर समजावलं. "कार्ड म्हणजे घसा. नुसता घसा असून काय होतं? बोलायचं कसं ते शिकवायला नको? ते ड्रायव्हर शिकवतो. घसा चांगला आणि शिकवणारा खराब, तर आवाज खराब." दुकानातल्या यंत्रात कार्ड बसवून त्यांनी माइकसमोर "हॅलो साईं, हॅलो" म्हटलं आणि तेच आम्हाला परत ऐकू आलं, स्वच्छ, मागे शिलाई मशीनची टकटक सुद्धा. मी लगेच ते कार्ड घेतलं.

घरी येऊन कार्ड बसवलं. सीडी घातली, पुढे पुढे दाबत गेलो. माइकसमोर आईला बोलायला लावलं. ती म्हणाली, "काय बोलू? भात शिजलाय." आणि पडद्यावर तिचा भात शिजलाय एका रेघेत उमटला. रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा सरळ झाली. आई, बाबा, आत्या, तिघंही पडद्याला नाक लावून उभी होती. आवाजाला आकार असतो हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. पण आईच्या बोलण्याला बदलापूरच्या मागच्या चंदेरीच्या डोंगरासारखा आकार आहे, मधे शिखर आणि दोन्हीकडे उतार, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. पण ऐकलं तेव्हा तिच्या शब्दांखाली एक घुंईऽऽ असा सतत आवाज होता. दुकानात तो नव्हता.

इथून पुढे मी जे केलं त्यावर आमच्या घरात अजून हसतात. मी लाईटीचं शिकलेला. मला वाटलं, घराला अर्थिंग नीट नाही, म्हणून विजेची घरघर कार्डात शिरते. बाबांनी आणि मी परसात खड्डा खणला, त्यात मीठ आणि कोळसा भरला, लोखंडी पट्टी पुरली, पाणी ओतलं. बाबा खणताना म्हणाले, "विहीर खनली असती तर पानी तरी लागलं असतं." घुंई तशीच. मग मला वाटलं, कार्डच वाईट. ते घेऊन कॅम्प दोनला गेलो. वाशूभाईंनी लावून दाखवलं, स्वच्छ. तरी त्यांनी बदलून दुसरं दिलं, खेळ खेळणारे लोक घ्यायचे तसलं. घरी लावलं, तीच घुंई. मग ड्रायव्हर वाईट असेल म्हणून क्लासमधून दुसरा ड्रायव्हर आणून घातला. तीच घुंई. मधे दसरा गेला, दिवाळीचं फराळाचं भाजणं घरात सुरू झालं, चकल्यांच्या वासात मी संगणकाचं झाकण उघडून बसलेला, आणि आत्या ओट्यावरून रोज विचारायची, "बोलली का?" तिचा आवाज तेव्हाच जरा दबल्यासारखा लागायचा. मला वाटायचं, मी उशीर करतोय आणि हा उशीर भरून येणार नाही.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा वाशूभाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "पुट, तू मला वेडा करणार. चल, मीच येतो. तुझं घर बघतो." दुकान भावावर सोडून त्यांनी पहिला निळ्या वलयांचा खोका आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जुनं लांबलचक कार्ड पिशवीत टाकलं आणि मला स्कूटरवर मागे बसवून ते जांभूळला आले. एवढ्या लांब, एका गिऱ्हाईकासाठी. आमच्या अंगणात स्कूटर बंद केली, उतरले आणि जागच्या जागी उभे राहिले.

"हा आवाज कसला आहे?"

"कुठला आवाज?" मी म्हणालो.

"अरे, घूं घूं चाललंय ना. केवढ्याने."

आई दारात आली होती. तिने इकडे तिकडे पाहिलं. "कुठं वो शेट? काय पन आवाज नाय."

वाशूभाई हसायला लागले. "अरे बाबा, मी बहिरा आहे की तुम्ही? घर हलतंय सगळं."

बाबा पाळीवरून नुकतेच येऊन अंघोळीला निघाले होते. खांद्यावर पंचा टाकलेल्या बाबांनी कुंपणाकडे बोट केलं आणि अगदी सहज म्हणाले, "तो होय? पंप हायत ते. दिवसरात्र चालू असतात."

मी आजही तो क्षण नीट सांगू शकत नाही. बाबांनी बोट केलं आणि मला तो आवाज ऐकू यायला लागला. जन्मापासून माझ्या कानात होता, पाळण्यात असताना होता, अभ्यास करताना होता, आणि मला त्याची दादच नव्हती. जमिनीतून, भिंतीतून, कणगीतून तो येत होता. आमच्या घरातली माणसं मोठ्याने का बोलतात तेही मला त्या क्षणी कळलं. यंत्राने पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगितलं होतं, आणि मी मीठ-कोळसा पुरत बसलो होतो. अंगणात उभं राहून मी आपलं गाव पहिल्यांदा ऐकलं, तेही कॅम्प दोनच्या एका दुकानदारामुळे.

आईने त्यांना चकली आणि चहा दिला. चहा पिता पिता ते म्हणाले, "म्हणजे दोन्ही कार्डं चांगली. आता सांग, कुठलं ठेवतो?" मग त्यांनी वर्तमानपत्रातलं कार्ड उलगडलं. कुठल्याशा ऑफिसच्या यंत्रातून निघालेलं, खोका नाही, सीडी नाही. "पहिली दोन ऐकतात नाहीतर बोलतात. एका वेळी एकच. हे दोन्ही करू शकतं, एकाच वेळी. तुला एक आवाज ऐकवत ऐकवत दुसरा भरायचा आहे ना? त्याला हेच पाहिजे. पण याचा असली ड्रायव्हर माझ्याकडे नाही. माझा भाचा दुबईला आहे, त्याला सांगतो, शोधून फ्लॉपीवर पाठवेल. कधी, ते सांगू शकत नाही. तोपर्यंत साध्या ड्रायव्हरवर हे पण एकच काम करेल."

समोर निळ्या वलयांचा खोका होता, सीडीसकट, आणि बाजूला हे लांब, धूळ बसलेलं, शिकवणारा नसलेलं कार्ड. मी आत्याकडे पाहिलं. ती ओट्यावर बसून कार्ड बघत होती. मी जुनं ठेवलं. घसा आत्ता घेऊ, शिकवणारा येईल तेव्हा येईल, असा विचार केला.

त्याच संध्याकाळी मी आत्याला माइकसमोर बसवलं आणि म्हणालो, "म्हण." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी वाईट बोललो असावं.

"लगीन कुनाचं हाय?"

"कुणाचं नाही. नुसतंच म्हण. साठवायचं आहे."

"नुसता धवला म्हनत नायत, दत्तू. मांडव नाय, हलद नाय, नवरी नाय, आनि धवला म्हनला, तर तो जाईल कुठं? कुनाच्या तरी दारात जाऊन बसंल."

मी पुष्कळ समजावलं. डॉक्टरांचं नाव काढलं. ती माइकसमोरून उठली. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी तिचं ऑपरेशन होतं. त्याआधी गावात एकही लग्न नव्हतं. वाशूभाई आमच्या घरी आले, कार्ड मिळालं, घुंई कळली, आणि सगळं इथे येऊन अडलं. मी कपाळाला हात लावून बसलो होतो तेव्हा आई चुलीपुढून, मागे न वळता म्हणाली, "तुलशीचं लगीन हाय की पुढच्या आठवड्यात. ते काय लगीन नाय?"

आत्या विचारात पडली. आमच्याकडे तुळशीचं लग्न म्हणजे मंगलाष्टकं, चिंचा-आवळे आणि लाह्या-बत्तासे, एवढंच. धवलारणीला कुणी बोलावत नसे. "हलद लावशील काय तिला? नवरीची लावतात तशी?" आत्याने विचारलं.

"लावीन की. माझी लेकच हाय ती."

"मग म्हनन."

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी बाबांनी वृंदावनावर उसाचा मांडव घातला. मी संगणक उचलून ओट्यावर आणला. आळीतल्या बायका जमल्या. मी बाबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, की तासाभरासाठी पंप बंद ठेवता येतील का. बाबा म्हणाले, "तुझ्या आत्यासाठी अंबरनाथचं कारखानं बंद पाडू?" आत्याने ते ऐकलं. "बंद कशाला करतस? मी तेच्यावर तर आवाज लावतंय," ती म्हणाली. "दुसऱ्या गावाला गेलं की मना सूर गावत नाय पटकन." मला आणि आईला कधी ऐकू न आलेला आवाज तिला मात्र पहिल्यापासून येत होता.

आईने तुळशीला हळद लावायला घेतली आणि आत्याने डोळे मिटले.

"पयली हलद कुना गो लावू, पयली हलद उंबऱ्याला लावू."

आणि ती थांबली. बायजाबाईची जागा. मग दुसरी हळद विहिरीला, तिसरी गाईच्या शिंगाला. पडद्यावर डोंगर उठत होते आणि मधे सपाट शेतं पडत होती. सपाट म्हणजे अगदी सपाट नव्हती. पंपांचा आवाज त्यात बारीक धाग्यासारखा थरथरत होता. मध्येच तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चौथी हलद कुना गो लावू, ऐकत्या पेटीला लावू." बायका हसल्या. आई खरंच उठली आणि तिने संगणकाच्या कपाळावर हळदीचं बोट ओढलं. ते हसू, आईच्या बांगड्या, शेवटी अक्षता पत्र्यावर पडल्याचा आवाज, सगळं त्यात आलं. आत्याचा तो आवाज, वरच्या सुरात किंचित धार असलेला, मी समोर बसून ऐकत होतो आणि तोच पडद्यावर उमटताना पाहत होतो. देवळात जोडतो तसे हात कधी जोडले गेले ते मला समजलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली, आत्या बरी झाली, गिळायला लागली. डॉक्टरांनी जपलं होतं. तरी आवाज बदलला. खोल गेला, खरखरीत झाला, वरच्या सुराला पोचेना. लग्नाची बोलावणी आली ती तिने शेजारच्या वाडीतल्या धवलारणीकडे वळवली. तक्रार एका शब्दाने केली नाही. ओट्यावर बसायची, तांदूळ निवडायची. पण पूर्वी निवडताना गुणगुणायची ते बंद झालं होतं. मी एकदा तिला तुळशीचं लग्न ऐकवू का विचारलं, तर म्हणाली, "नको. ऱ्हाऊ दे."

आंब्याला मोहोर आला तेव्हा वाशूभाईंच्या भाच्याच्या फ्लॉप्या दुबईहून आल्या. वाशूभाईंनी त्या मला रुमालात बांधून दिल्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी त्या एकामागून एक घातल्या. संगणक बंद करून चालू केला. तेच कार्ड, तोच माइक. पण आता ते ऐकता ऐकता बोलणार होतं. तपासून बघायला मला कुणीतरी हवं होतं. बाबा पाळीवर होते, आई नदीवर. मी आत्याला म्हणालो, "तुला काही म्हणायचं नाही. फक्त हे कानाला लाव आणि बस. मी पलीकडून भरून बघतो." ती नको नको म्हणत बसली. हेडफोन तिने पदरावरूनच लावला.

मी तुळशीचं लग्न सुरू केलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं; सगळं तिच्या कानात होतं. मी फक्त पडदा पाहत होतो. वरच्या पट्टीत जुने डोंगर सरकत होते, खालची नवी पट्टी पंपांच्या धाग्याने भरत चालली होती. पहिली ओळ गेली, रिकामी जागा गेली. दुसरी ओळ गेली, रिकामी जागा गेली. आत्याचे डोळे मिटलेले होते. तिचा हात मांडीवर हळद कालवल्यासारखा हलत होता. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तिने तोंड उघडलं आणि त्या खरखरीत, खोल आवाजात म्हणाली, "तिसरी हलद शिंगाला लावू."

खालच्या पट्टीत एक डोंगर उठला.

चौथ्या ओळीलाही तिने झील धरली, पाचव्या, सहाव्या. आमच्या घरात एक बाई मधूनमधून एकेक ओळ म्हणत होती आणि मधल्या वेळात कुणाचं तरी ऐकत होती. शेवटी अक्षता पडल्या असाव्यात, कारण तिने डोकं जरा खाली वाकवलं. मग हेडफोन काढला.

मी विचारलं, "आत्या, लग्न नसताना धवला म्हणत नाहीत ना?"

तिने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "आत लगीन चाललंय रे. मी गप कशी बसू?"

मी दोन्ही आवाज एकत्र करून तिला स्पीकरवर ऐकवले. धारदार आवाज ओळ म्हणत होता आणि खरखरीत आवाज ती उचलत होता, आणि दोन्ही एकाच गळ्याचे होते. पुढे मी पुष्कळ यंत्रं पाहिली, चांगली कार्डं, चांगले माइक, आता तर खिशातल्या फोनवर हे सगळं होतं. पण त्या सकाळसारखं पुन्हा कधी वाटलं नाही. एक बाई स्वतःच्याच शेजारी गुडघ्याला गुडघा लावून बसली होती.

एकच गोष्ट मला खटकली. तिची झील प्रत्येक ओळीला जराशी उशिरा पडत होती. दोष तिचा नव्हता. आवाज कार्डातून आत जायला आणि पडद्यावर यायला किंचित वेळ लागतो, तेवढाच तो उशीर. मला ते दुरुस्त करता येत होतं. खालची पट्टी माऊसने धरून थोडी मागे ओढली की दोन्ही नीट जुळले असते. मी तसं तिला सांगितलं आणि पट्टी धरली.

"थांब," आत्या म्हणाली. "परत लाव."

मी परत लावलं. ती पुढे वाकून ऐकत होती. ओळ संपली, झील किंचित मागे राहून आली.

"बायजा अशीच येत होती," ती म्हणाली. "मागून. कामं आटपून आल्यासारखी." मग पडद्यावरच्या खालच्या डोंगरांवर तिने बोट ठेवलं. "ऱ्हाऊ दे तिला."

मी माऊसवरचा हात काढून घेतला.